रोहा मुंबईत येतं का?

रोह्यातल्या माझ्या नोकरीतली ही हकीकत मला अजून स्वच्छ आठवते, आणि गंमत अशी की गुन्हे रजिस्टरात तिला नंबरच नाही. सेवेत मी शेकडो गुन्ह्यांचा तपास केला. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणत्या घरफोडीतला आरोपी कोणता, हे सांगताना माझी गल्लत होते. इथे मात्र एकही चेहरा पुसट झालेला नाही. नावं देणार नाही. संबंधितांपैकी काहीजण हयात असतील, आणि नसले तरी त्यांच्या घरची माणसं आहेत.

कुलाबा जिल्ह्याचा रायगड होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ठाण्यातल्या निम्म्या कागदांवर अजून 'कुलाबा' छापलेलं असे आणि कारकून ते खोडून वर 'रायगड' लिहीत. रेल्वे रोह्यापर्यंत यायची होती. मातीचे भराव पडत होते. शहराजवळ कारखान्यांची वसाहत वाढत होती आणि भाड्याच्या खोल्यांत परप्रांतातली माणसं दिसू लागली होती. मी तिथे फौजदार होतो. नव्या ठाण्यात बदली झाली की मी आधी तीन गोष्टी विचारून घेत असे: हद्दीत गावं किती, माणसं किती आणि त्यांतली बाहेरून आलेली किती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच नीट देता यायचं नाही.

श्रावणातली एक सकाळ. कुंडलिकेच्या काठच्या एका गावचे पोलीस पाटील छत्री झटकत ठाण्यात आले. सरळ भाताची शेती करणारा माणूस, कधी विनाकारण येणारा नव्हे.

"साहेब, खबर हाय. पण बसून सांगतो."

"बसा. काय झालं?"

"आमच्या गावात पाकिस्तान आलंय."

आमच्या हवालदारांनी मान वर केली. "सगळंच आलंय का अर्धं?"

"हसा तुमी. बाई हाय एक, साठीच्या पुढली. लुळी विधवा हाय ना आमच्याकडं, मुसलमान मोहल्ल्यातली, तिच्या घरी उतरलीय. तिचा मुंबैचा भाचा सोडून गेला व्हता, काल परत आलाय. बाई रोज नदीवर उभी राहते. कंपन्यांच्या धुरांड्यांकडं बघते. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, कामाला किती माणसा येतात, कुठची येतात, पाणी कुठसून घेतात. आता तुमीच सांगा, म्हाताऱ्या बाईला कंपनीचं पाणी कशाला हवं?"

प्रश्न रास्त होता. स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदारांना घेऊन निघालो. ठाण्यात तेव्हा महिला पोलीस नव्हती, म्हणून त्या गावच्या बालवाडीच्या बाईंना बरोबर येण्याची विनंती केली. बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच आणि दुसऱ्या बाईच्या समक्ष करायची, हा नियम मी पाळत असे.

दारात भाचा भेटला. तिशीचा, मुंबईत टॅक्सी चालवणारा. गणवेश पाहून त्याच्या हातातला पेला कलंडला.

"घरात पाहुणे कोण आहेत?"

"खाला हाय साहेब, मावशी. श्रीवर्धनची."

तेवढ्यात आतून एक उंच, सडपातळ बाई पदर सावरत बाहेर आली. आमच्याकडे बघून ती दचकली नाही. "पोलीस व्हय? उभे का? बसा बाला, बसा."

"आजी, तुम्ही कुठल्या?"

"कराचीच्या."

भाच्याने कपाळावर हात मारला.

तिने स्वतःहून उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढली. तीत पासपोर्ट होता. व्हिसा चालू होता, मुदत संपायला अजून बरेच दिवस होते. मुंबईला उतरल्यावर नियमाप्रमाणे तिने तिथल्या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या कचेरीत हजेरीही लावली होती, तसा शिक्का होता. पण भेटीचं ठिकाण एकच लिहिलेलं: बंबई. त्या व्हिशावर दुसऱ्या गावी जाणं हा गुन्हा होतो. दाखल झाला तर अटक, कोर्ट, मग परत पाठवणी. आणि नंतर त्या माणसाला पुन्हा व्हिसा मिळणं जवळजवळ अशक्य.

मी तिला समजेल असं सांगितलं. "आजी, तुम्हाला फक्त मुंबईत राहायची परवानगी आहे."

"व्हय. मुंबईतच राहिलेय."

"हे रोहा आहे."

"मंग?" ती म्हणाली. "रोहा मुंबईत येत नाय?"

खोटं बोलणारा माणूस बहुधा विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. ही बाई मलाच उलट विचारत होती. पण भाच्याचं 'श्रीवर्धन' माझ्या कानात होतं. एकाच घरात दोन माणसं दोन उत्तरं देतात तेव्हा पोलिसाला तिथून उठता येत नाही.

भाच्याला मी वेगळं, गावच्या चावडीवर बसवून विचारलं. तासभर तो श्रीवर्धन सोडायला तयार नव्हता. शेवटी हवालदार म्हणाले, "अरे, बाई स्वतः कराची सांगते नि तू श्रीवर्धन सांगतोस. दोघांतली एक जागा ठरवा तरी."

तो रडायलाच लागला. "भ्यालो साहेब. खाकी कपडा बघितला नि तोंडातून श्रीवर्धन निघालं. कराची म्हटलं की काय होतं, तुमाला माहिती नाय, आमाला माहिती हाय."

"रोह्याची परवानगी नाही, हे तुला ठाऊक होतं?"

"शिक्का मारून दिला, 'बंबई' लिवलेलं. मला वाटलं झालं काम."

त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

परत घरी आलो तेव्हा ती बाई बहिणीला पेज भरवत होती. बहीण पाच-सहा वर्षांनी धाकटी. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. थोरली एक घास देई आणि ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेली पेज बोटाने टिपून घेई. बालवाडीच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "फाळणीच्या आधी एकदा भेटल्या होत्या म्हणे. त्यानंतर आत्ताच."

पासपोर्ट पावती देऊन ताब्यात घेतला. आजींनी गाव सोडू नये असं सांगून जबाबदारी पोलीस पाटलांवर टाकली, आणि अलिबागला पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला बिनतारी संदेश पाठवला. उत्तर आलं की मुंबईतली नोंद खरी आहे, रोह्याची परवानगी नाही. सविस्तर अहवाल घेऊन समक्ष हजर व्हा, मग गुन्ह्याचं ठरवू.

अहवालात हेतू लिहावा लागतो. तो समजून घ्यायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी गेलो. बालवाडीच्या बाई होत्याच. मुद्दाम कराचीपासून सुरुवात केली. ओळखीच्या जागेबद्दल माणूस मोकळा बोलतो, आणि बनावट असेल तर तिथेच अडखळतो.

"कराची किती मोठी आहे, आजी?"

"मी गेले तवा म्हावरं इकणारी बाय डोकीवर टोपली घेऊन गावाच्या ह्या टोकासून त्या टोकाला जाऊन दुपारी घरी यायची. आता बसमदी बसलं तर दोनदा झोप लागते नि तरी कराची सरत नाय."

"आणि माणसं?"

"मोजतंय कोण? फाळणीला इतकी आली, इतकी आली की आमची भाषा आमच्याच गल्लीत पाव्हणी झाली. मंग गिरण्या आल्या, कारखाने आले, पठाण आले, पंजाबी आले. माजा मोठा पोरगा पोलादाच्या कारखान्यात हाय. तिथं त्याच्या शिफ्टमदी बोलल्या जाणाऱ्या भाषा त्यालाच मोजता येत नाय."

तिने हातानेच मला शहर दाखवलं. चटईची एक कड म्हणजे समुद्र. तिथे कियामारीची गोदी, समोर मनोऱ्याचं बेट. तिचा नवरा आधी गलबतावर खलाशी होता, मग त्याच गोदीत कामाला लागला. दुसऱ्या अंगाला ओसाड रान आणि वाळू. मधून ल्यारी नदी.

"नदी म्हणायची आपली. पाणी नाय तिला. प्यायचं पाणी लांबसून नळानं येतं. आलं की समदी गल्ली हंडे घेऊन उभी. गोदीसाठी माणसा आली, कारखान्यांसाठी आली. पाणी कोणी बरोबर आणलं नाय."

मी वही मिटली. "आणि म्हणून तुम्ही इथल्या कंपन्यांच्या पाण्याची चौकशी करत होता?"

"मंग काय करू? एवढी भरलेली नदी हाय आमची. धुरांडी दिसली. म्हटलं किती माणसा आली, किती येणार, पाणी कुठसून पिणार? माज्या गावची कराची होऊ नये." मग म्हणाली, "तो पाटील मला बघून सारखा छत्री उघडझाप करीत व्हता. त्यानंच सांगितलं ना?"

मी हसलो नाही, पण बालवाडीच्या बाई हसल्या.

पुढे मी आकडे पाहिले. फाळणीपूर्वी चार-पाच लाख वस्तीचं ते शहर तोवर पन्नास लाखांच्या पुढे गेलं होतं. आजींनी एकही आकडा न सांगता मला तेच सांगितलं होतं.

पाण्याचा उलगडा झाला, तरी मुख्य मुद्दा तसाच होता. रोहा मुंबईत येतं, असं चांगली समज असलेली, शहरात राहिलेली बाई खरोखर मानते, हे मी वरिष्ठांना कोणत्या तोंडाने सांगणार? त्याचं उत्तर मला ठाण्यातच, चहा पिताना मिळालं. ठाण्यात कोणी तक्रारदार गृहस्थ बसले होते आणि हवालदारांशी घरच्या गप्पा मारत होते.

"मुलगा काय करतो मग?"

"लागला की नोकरीला. मुंबईला असतो," हवालदार म्हणाले.

"मुंबईत कुठं?"

"तळोज्याला."

मी पेला खाली ठेवला. "हवालदार, तळोजा मुंबईत कधीपासून गेलं?"

"म्हणजे, तिकडंच की साहेब."

"पनवेल तालुका आहे तो. आपलाच जिल्हा. तुमच्याच अधीक्षकांची हद्द."

हवालदार गोंधळले. "ते खरं, पण आमच्याकडं कोणी कामाला बाहेर गेला की मुंबईला गेला, असंच म्हणतात. माझी मेहुणी कल्याणला असते, तीपण मुंबईलाच असते."

ठाण्यात हशा झाला, आणि मी उठून टोपी घातली. दोन दिवस मी त्या बाईला चुकीचा प्रश्न विचारत होतो. रोहा मुंबईत आहे का, असं विचारून उपयोग नव्हता. तिची मुंबई कुठून कुठपर्यंत आहे, हे विचारायला हवं होतं. लगेच बालवाडीच्या बाईंना निरोप धाडला आणि निघालो.

आजी अंगणात पोहे निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, तुमची मुंबई कुठून सुरू होते आणि कुठं संपते?"

त्यांना हा प्रश्न विचित्र वाटला नाही. "तिकडं आमी समदे मुंबईचेच. कोण दाभोळचा, कोण म्हसळ्याचा, कोण रोह्याचा, पण कोणी इचारलं की मुंबई. आमच्या गल्लीला मुंबईवाल्यांची गल्लीच म्हणतात. अर्ज लिवणारा कचेरीच्या फाटकाबाहेर बसतो, त्यानं इचारलं, कहाँ जाना है? मी म्हटलं बंबई. दुसरं काय सांगणार? रोहा त्याला काय कळणार?"

मी लिहीत होतो. मला हवं ते मिळालं होतं. पण त्या बोलत राहिल्या.

"आणि बाला, माजा निका झाला तवा मी तेरा वर्सांची. भाऊच्या धक्क्यावरसून आगबोटीत बसवलं. कराची किती लांब, कोणत्या मुलखात, मला काय ठाव? मी रडून रडून डोळे सुजवले. तो पण पोरगाच, विशीतला. त्याला काय बोलावं कळेना. मंग म्हणाला, रडतेस कशाला गो? कराची पण मुंबईतच हाय. कागदावर तसंच हाय, मी साहेबाकडं बघितलंय. आपण मुंबईसून मुंबईतच चाललो." त्यांनी पोह्यांतला एक खडा काढून टाकला. "मी गप झाले. पुढं समदं काय काय झालं, सरहद्द झाली, लढाया झाल्या, तो पण गेला. पण माज्या डोक्यात ते तसंच ऱ्हायलं."

घरात खाटेवरून धाकटी बहीण काहीतरी पुटपुटली. आजींनी मान वळवून उत्तर दिलं, "काय नाय गो. तुज्या भावजींची गोष्ट सांगतेय."

अलिबागला अधीक्षकांसमोर मी अहवाल ठेवला. कडक शिस्तीचे, कमी बोलणारे अधिकारी होते. वाचता वाचता म्हणाले, "कायदा माहीत नव्हता हा बचाव होत नाही. हे मी तुम्हाला शिकवायचं?"

"नाही साहेब. तिने जागा लपवली नाही, पासपोर्ट स्वतःहून दिला, विचारताक्षणी कराची सांगितलं. हेतू काय होता, ते मी जसं आढळलं तसं लिहिलं आहे."

ते पुढे वाचू लागले आणि एका ओळीवर थांबले. "हे आगबोटीवरचं, तिच्या नवऱ्यानं सांगितलं?"

"हो साहेब. तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगितलं असेल."

"काहीतरी नाही." त्यांनी चष्मा काढला. "सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तिच्या लग्नानंतर तो वेगळा काढला. तो खलाशी अगदी बरोबर बोलला होता."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग सरकारी आवाजात हुकूम सांगितला. गुन्हा दाखल करू नका. जबाब घेऊन लेखी समज द्या. बाईंना उद्या दिवस मावळायच्या आत मुंबईच्या हद्दीत पोचवा, तिथल्या कचेरीला कळवा. उरलेले दिवस त्यांनी मुंबईतच राहावं.

"साहेब, रोह्याची परवानगी वाढवून मिळाली तर? बहीण अंथरुणावर आहे."

"ती देणं माझ्या हातात नाही. अर्ज करू देत. पण उत्तर यायच्या आत त्यांची मुदत संपेल, हे तुम्हालाही माहीत आहे."

गुन्हा टळला म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण परतताना गाडीत मी एकच विचार करत होतो: ज्या कामासाठी ही बाई सरहद्द ओलांडून आली, ते काम आता मीच तिच्या हातातून काढून घेणार होतो.

त्या घरी मी हुकूम सांगितला तेव्हा थोरलीने बहिणीच्या अंगावरची गोधडी उगीचच नीट केली. भाचा भिंतीला टेकून उभा होता. पोलीस पाटील दाराबाहेर. मग खाटेवरून जड, तुटक आवाज आला. आधी मला कळलाच नाही. तिने पुन्हा जोर लावला.

"तिला... हितं नाय ऱ्हाता येत. मना तिथं... येता येतं?"

मी म्हणालो, "येतं. तुम्हाला कुठेही जाता येतं."

"मंग मना न्या."

थोरली म्हणाली, "येडी झालीस? तुला खाटेवरसून अंगणात न्यायला दोन माणसा लागतात."

"मंग... चार आणा."

सगळे हसले, आणि हसता हसता थोरलीने पदर डोळ्यांना लावला. भाच्याची खोली कुर्ल्याला होती, तळमजल्यावर. जवळ मोठं इस्पितळ होतं, तिथे बहिणीला एकदा दाखवायचं असं त्यांचं चाललंच होतं. प्रश्न न्यायचा होता. एसटीत आडवं झोपवता येत नाही. सरकारी दवाखान्याची जीप दुरुस्तीला होती.

पोलीस पाटील खाकरले. "जोह्याचा टेंपो आलाय रोह्यात, गणपती उतरवायला. रिकामा परत जाणार, मंग मूर्ती भरून मुंबैला. त्यात पेंढा असतो भरपूर."

थोरली त्यांच्याकडे वळली. "तूच ना रं पोलिसाला सांगितलंस?"

"माजं कामच हाय ते, चाची."

"मंग हे पण तुजंच काम. जा, आण त्याला."

पेणजवळच्या जोह्याला गणपतीच्या मूर्ती होतात आणि श्रावणात तिथले टेंपो सगळीकडे फिरत असतात. ड्रायव्हर पोरसवदा नव्हता, पन्नाशीचा शांत माणूस होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं की मालगाडीत माणूस नेणं नियमात बसत नाही. आजारी बाईला इस्पितळासाठी नेतोय, पोलीस बरोबर आहे, तशी डायरीत नोंद मी करतो. तो म्हणाला, "नोंद तुमी करा साहेब. गाडी मी चालवतो. माज्या टेंपोत बाप्पाचं बोट मोडत नाय, ही तर दुखलं तर सांगणारी बाई."

सकाळी चौघांनी खाट उचलली. एका पायाला स्वतः पोलीस पाटील होते. पेंढ्यावर गोधड्या, गोधड्यांवर धाकटी, तिच्या उशाशी थोरली. मागून जीपमध्ये मी आणि हवालदार. नागोठणे, वडखळ, पेण. खड्डा आला की टेंपो इतका हळू होई की मागून ट्रकवाले शिव्या देत.

जोह्याला मुंबईच्या मूर्ती भरायच्या होत्या, म्हणून तिथे थांबलो. कारखान्यातल्या रंगाने हात माखलेल्या बायका बघायला आल्या. एकीने विचारलं, "कुठं चाललात गो आजी?"

"मुंबईला," थोरली म्हणाली, आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाली, "खऱ्या."

त्यांना काही कळलं नाही, पण चहा आला. मूर्ती दोन्ही बाजूंना पेंढ्यात बसवल्या आणि मधली जागा बहिणींना ठेवली. ड्रायव्हरने धाकटीला विचारलं, "अडचण नाय ना व्हत, मावशी?" तिने डाव्या हाताने शेजारच्या मूर्तीच्या मुकुटावर अडकलेली पेंढ्याची काडी काढून टाकली.

वाशीच्या खाडीपुलावर वाहनं तुंबली होती. मी उतरून टेंपोच्या मागे गेलो.

"बाला, आता लागेल ती कागदावरची मुंबई?" थोरलीने विचारलं.

"पूल संपला की."

धाकटी काही बोलली. थोरली वाकून ऐकत होती. "ही म्हणतेय, वास तर आपल्या खाडीसारखाच येतोय."

त्यांना कुर्ल्याला उतरवून, कचेरीत कळवून आम्ही परत आलो. वरिष्ठांना अहवाल गेला आणि कागद फाइलला लागला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते थोडक्यात लिहितो. भीती आणि अपराध हे दोन्ही चेहऱ्यावर सारखेच दिसतात. त्या भाच्याला मी पहिल्या दिवशीच आरोपी ठरवलं असतं तर पुढचं काहीच ऐकलं नसतं. दुसरं, माणसाला 'कुठला' म्हणून विचारलं की तो समोरच्याला कळेल अशी जागा सांगतो. शहरं वाढतात तसं त्यांचं नावही आजूबाजूच्या गावांवर पसरत जातं, आणि आपल्या हद्दी मात्र कागदावर तिथेच असतात. त्यानंतर कोणाच्याही जबाबात राहण्याचं ठिकाण लिहिताना मी एक प्रश्न जास्त विचारू लागलो. त्याने माझं काम वाढलं, पण चार-दोन माणसं नाहक अडकायची वाचली.

पावसाळा संपल्यावर तो भाचा ठाण्यात आला. धाकटीला गावी सोडायला आला होता. खाला वेळेत परत गेल्याचं सांगायला म्हणून मुद्दाम वाट वाकडी केली होती. या वेळी पेला हातात नीट धरून त्याने चहा घेतला.

"कशा राहिल्या दोघी?" मी विचारलं.

"एका अंथरुणात साहेब. मी माळ्यावर झोपायचो. भांडायच्या पण. मोठी म्हणायची औषध घे, धाकटी तोंड मिटायची. जायच्या दिवशी मोठीनं हिची वेणी घातली. इतकी घट्ट, इतकी घट्ट की ही ओरडली. तर म्हणाली, ओरड. पुढच्या खेपेपर्यंत सुटायची नाय अशी घालतेय."

"मग?"

"मग काय. तिच्या मागं आमी वेणी सोडायला गेलो, न्हायला घालायचं म्हणून. हात लावू देत नाय. डाव्या हातानं धरून बसते."

किती दिवस झाले, हे मी विचारलं नाही. आकडे विचारायची मला जन्माची सवय आहे, पण तिथे विचारवेना. मी त्याला अजून एक चहा सांगितला.